गाठोडं सोडलंच नव्हतं

"त्यांना सवय असते हो." चक्रीवादळाची बातमी आली की किनाऱ्यावरच्या लोकांबद्दल हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. परवा एका ग्रुपवर पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं.

आधी कबुली देतो. हे वाक्य मीही बोललेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वादळानंतर मदतीला म्हणून किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार वस्तीत गेलो होतो. हातात पाहणीचा फॉर्म होता. घर पूर्ण पडलं की अंशतः, होडी आहे की गेली, जाळी किती, जनावरं किती. लोक शांतपणे एकेक सांगत होते, मधूनच हसतही होते. रडारड कुठेच नाही. संध्याकाळी परतताना बरोबरच्यांना मी म्हणालो, "कमाल आहे यांची, सवय झालीय."

आठ-नऊ महिन्यांनी त्याच वस्तीत पुन्हा जाणं झालं. एका घरात बसायला बोलावलं. घर नव्याने उभं राहिलं होतं, वर नवे पत्रे होते. बाई चुलीपाशी होती आणि कोपऱ्यात ताडपत्रीत बांधलेलं मोठं गाठोडं होतं. तिने गाठ सोडली, आतून डाव काढला, पातेल्यात फिरवला, धुतला, पुसला, परत आत ठेवला आणि गाठ मारली. थोड्या वेळाने ताटं लागली, तेव्हा पुन्हा तेच. मला वाटलं, भांडी ठेवायला जागा नसेल. पण भिंतीला फळी होती आणि ती रिकामी होती. विचारलं तर म्हणाली, "असू द्या भाऊ, रात्रीबेरात्री उचलायला बरं." वादळाचा हंगाम यायला अजून कितीतरी अवकाश होता.

याला सवय म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. मी म्हणायचं सोडलं.

यावर संशोधनही झालेलं आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2017 साली 'इर्मा' आणि 2018 साली 'मायकल' अशी दोन मोठी वादळं लागोपाठच्या वर्षी आली. संशोधकांनी त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा गाठून विचारलं. पहिल्या वादळाने मन निबर होतं का, दुसरं सोपं जातं का? निष्कर्ष नेमका उलटा निघाला. वारंवार तडाखा बसलेल्यांचा त्रास वाढत गेला, काळजी वाढली, रोजची कामं रेटणं अवघड झालं. आणि ही गोष्ट विमा, पक्के रस्ते आणि मोटारी असलेल्या देशातली. जिथे घर म्हणजे चार खांब आणि पत्रा, तिथे काय होत असेल याचा अंदाज आपला आपण बांधावा.

माझा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. आपत्तीनंतरच्या मानसिक त्रासाचं जे नाव सगळ्यांना माहीत झालंय ते म्हणजे पीटीएसडी, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. त्यातला 'पोस्ट' मला खटकतो. पोस्ट म्हणजे नंतर. एक घटना घडली, संपली आणि आता तिच्यानंतरचा काळ चालू आहे, असं त्यात गृहीत धरलेलं आहे. सुंदरबनातल्या माणसाला हा 'नंतर' कधी मिळाला? मे 2009 मध्ये 'आयला'. नोव्हेंबर 2019 मध्ये 'बुलबुल', मे 2020 मध्ये 'अम्फान', तेही ऐन कोविडमध्ये, म्हणजे घरात थांबलं तर समुद्र आणि निवाऱ्यात गेलं तर संसर्ग. मे 2021 मध्ये 'यास', मे 2024 मध्ये 'रेमाल'. बुलबुल ते यास, दीड वर्षात तीन. मोझांबिकमध्ये मार्च 2019 मध्ये 'इडाई'ने बैरा शहर उद्ध्वस्त केलं आणि सहा आठवड्यांत उत्तरेकडे 'केनेथ' धडकलं. 2023 चं 'फ्रेडी' तर फेब्रुवारीत येऊन गेलं आणि मार्चमध्ये तेच परत आलं. फिलिपिन्सवर 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साधारण महिनाभरात सहा वादळं आली.

दुःख झालं की माणूस बसतो, रडतो, बोलतो, झोपतो, हळूहळू उठतो. त्यासाठी मधे काही काळ जावा लागतो. वारंवार येणारी आपत्ती नेमका तो मधला काळच खाऊन टाकते. आधीची जखम ओली असताना पुढचा इशारा येतो, आणि रडायचं राहून जातं ते राहूनच जातं. मी पाहिलेली शांतता बहुतेक तीच होती. मी तिला धीर समजलो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जीव वाचवण्यात आपण, म्हणजे जगाच्या या भागातल्या लोकांनी, फार मोठी मजल मारली आहे. 1970 च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर 1972 पासून तिथे गावोगावी स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, निवारे बांधले गेले, आणि अलीकडच्या वादळांत मृतांचा आकडा लाखांवरून कितीतरी खाली आला. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं मेली. 2013 मध्ये 'फायलिन'च्या आधी दहा लाखांच्या आसपास लोक हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. ज्यांनी हे केलं त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

फक्त झालंय असं की मृतांचा आकडा हीच एक मोजपट्टी उरली. आकडा लहान असला की बातमी दोन दिवसांत संपते. ते दहा लाख लोक परत आले ते कशाकडे, हे बघायला कॅमेरा थांबत नाही. शिवाय हलणं ही साधी गोष्ट आहे का? पोरं, म्हातारी माणसं, कागदपत्रं घेऊन निवाऱ्यात जायचं, शेकडो लोकांत रात्र काढायची, बायकांनी अंधारात स्वच्छतागृहाला जाण्याची भीती बाळगायची, होडीपाशी कुणी थांबायचं यावरून घरात वाद घालायचे. आणि वादळ ऐन वेळी वळलं तर टीव्हीवर 'धोका टळला'. घरात मात्र बुडालेली मजुरी, आजारी पडलेलं पोर आणि पुढच्या वेळी जायचं की नाही हा प्रश्न उरतो.

गरिबीचा धागा इथे सोडून चालणार नाही, कारण मनाचा अर्धा आजार तिथेच आहे. होडी कर्जाने घेतलेली असते. वादळात होडी जाते, कर्ज तसंच राहतं. दुसरी होडी दुसऱ्या कर्जाने येते. आयलाच्या वेळी बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, जमिनी पिकेनात, आणि घरातले पुरुष कामासाठी दूरच्या राज्यांत निघून गेले. मागे राहिलेल्या बाईकडे पोरं, सासू-सासरे, फुटका बांध आणि आकाशावरचा पहारा, सगळंच आलं. हिला तुम्ही "सकारात्मक विचार करा" असं सांगणार?

अमेरिकेतच न्यू ऑर्लिन्सच्या कमी उत्पन्नाच्या आयांचा असा एक अभ्यास आहे. 2005 च्या 'कतरिना' वादळाआधीच त्यांची माहिती योगायोगाने दुसऱ्या एका संशोधनासाठी घेतलेली होती, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करता आली. बारा वर्षांनंतरही साधारण सहातल्या एकीला आघाताची लक्षणं त्रास देत होती. म्हणजे वादळात तान्हं असलेलं मूल एव्हाना शाळेत मोठ्या वर्गात गेलं, आणि आई अजून त्या रात्रीतच.

बरं, ही माणसं दवाखान्यात गेली तर काय सांगतात? "मला नैराश्य आलंय" असं कुणी म्हणत नाही. छातीत धडधडतं, डोकं जड होतं, अंगात त्राण नाही, झोप लागत नाही. डॉक्टर वेदनाशामक आणि ताकदीची बाटली देतात. गंमत म्हणजे (गंमत कसली) किनाऱ्यावर 'डिप्रेशन' हा शब्द सगळ्यांना चांगला ठाऊक असतो, पण त्याचा अर्थ वेगळा. हवामानाच्या बुलेटिनमध्ये आधी डिप्रेशन येतं, मग डीप डिप्रेशन, मग चक्रीवादळ. तुम्ही तिथे जाऊन डिप्रेशनवर व्याख्यान द्यायला उभे राहिलात तर लोक आधी होड्या ओढायला धावतील.

हसू नका. शब्द कळला नाही तर जीव जातो. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये 'हैयान' आलं तेव्हा फिलिपिन्सच्या टाक्लोबानमध्ये लोकांना 'स्टॉर्म सर्ज'चा, म्हणजे वादळाने समुद्राचं पाणी उसळून किनाऱ्यावर चढण्याचा, इशारा दिला होता. अनेकांना त्याचा अर्थच उमगला नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं नंतर लोकांनी सांगितलं. त्या वादळाने सहा हजारांहून जास्त बळी घेतले. वादळाच्या बाबतीत हा धडा सगळ्यांनी घेतला. मनाच्या बाबतीत आपण अजून इंग्रजी पुस्तकातले शब्द घेऊन वस्तीत जातो आणि लोक बोलत नाहीत म्हणून तक्रार करतो.

आणखी एक दुःख असं आहे ज्याला नावच सापडत नाही. 2017 च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार खोल समुद्रात होते. बरेच परतलेच नाहीत, त्यांचे देहही मिळाले नाहीत. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा स्थितीला संदिग्ध वियोग म्हटलं आहे: माणूस गेला असं म्हणता येत नाही, आहे असंही नाही. बेपत्ता माणूस मेला असं कायद्याने मानायला आपल्याकडे एरवी सात वर्षं जावी लागतात. घरच्यांनी तोवर काय करायचं? दार लोटून घ्यायचं की कडी लावायची, इथपासून प्रश्न सुरू होतो.

उपाय काय, असं आता कुणीतरी विचारेलच. भारतात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि आहेत ते शहरांत. तेव्हा प्रत्येक किनाऱ्यावर तज्ज्ञ नेऊन बसवण्याची भाषा मला पोकळ वाटते. पण तज्ज्ञांशिवायही बरंच होतं, हे सिद्ध झालेलं आहे. झिंबाब्वेत डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने 2006 पासून आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याबाहेर बाकावर बसून आजी समोरच्याचं ऐकून घेते आणि त्याच्या प्रश्नांतून वाट काढायला मदत करते. चाचण्यांमध्ये त्याचा चांगला परिणाम दिसला. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून हेच करून दाखवलं. वादळाचा इशारा द्यायला गावातला स्वयंसेवक तयार होऊ शकतो, तर वादळानंतर चौकशी करायलाही होईल. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची आपत्तीतल्या मानसिक आधाराबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून छापलेली आहेत. चांगली आहेत. वस्तीत पोचायची आहेत.

तज्ज्ञ मात्र एका ठिकाणी लागतोच. वस्तीत आधीपासून मानसिक आजाराच्या किंवा फिट्सच्या गोळ्या घेणारी माणसं असतात. पुरात गोळ्या वाहून जातात. मदतीच्या किटमध्ये मेणबत्ती असते, या गोळ्या नसतात.

आणि पैसे. हे ऐकायला रुक्ष वाटेल, पण वेळेवर हातात पडलेली भरपाई हा मानसिक उपचारच आहे, असं माझं ठाम मत झालंय. 2020 मध्ये बांगलादेशात जागतिक अन्न कार्यक्रमाने यमुनेचा (ब्रह्मपुत्रेला तिथे यमुना म्हणतात) पूर शिगेला पोचायच्या आधीच, अंदाज पाहून, कुटुंबांना थेट रोख रक्कम पाठवली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा ती घरं खाण्यापिण्यात आणि एकूण समाधानातही इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. उलट वर्षभर कचेरीत हेलपाटे घालायला लावून मिळणारी रक्कम माणसाला दुसऱ्यांदा मोडते. गळक्या छपराखाली बसवून समुपदेशन करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

तेवढं ते जिद्दीचं कौतुकही आवरा. छातीभर पाण्यात हसणाऱ्या पोराचा फोटो आणि खाली 'सलाम या जिद्दीला'. फिलिपिन्समध्ये लोक आता या कौतुकावर उघड चिडतात: आम्ही चिवट आहोत म्हणून बांध बांधायचे नाहीत का, असं विचारतात. बरोबरच विचारतात.

त्या पाहणीच्या फॉर्मची एक झेरॉक्स माझ्याकडे राहिली आहे. काल कपाट आवरताना सापडली. घर, होडी, जाळी, जनावरं, सगळं नीट भरलंय, माझंच अक्षर आहे. अगदी शेवटी 'शेरा' असा एक रुंद रकाना आहे. त्या दिवशी भरलेल्या एकाही फॉर्मवर मी त्यात काही लिहिलं नव्हतं.