शहर पुरवणीतली चौकट आणि निवाऱ्यातली जनावरे

महोदय,

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातले दोन्ही आक्षेप उत्तर देण्याजोगे आहेत. निवाऱ्यातल्या कुत्र्या-मांजरांना घर मिळावे यासाठी स्थानिक वर्तमानपत्रे, केबल वाहिन्या आणि सामुदायिक रेडिओ यांची मदत घ्यावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की फोटो छापून आला की लोक भावनेच्या भरात जनावर घरी नेतात आणि हौस फिटली की रस्त्यावर सोडतात. शिवाय भटक्या कुत्र्यांच्या चाव्यांनी लोक हैराण असताना वर्तमानपत्राने कुत्र्यांच्या कौतुकाला जागा देणे शोभत नाही.

दुसरा आक्षेप आधी घेतो. चाव्यांच्या आणि रेबीजच्या बातम्या यायलाच हव्यात. परंतु प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरचा कुत्रा नसबंदी व लसीकरणानंतर सर्वसाधारणपणे जिथून उचलला त्याच भागात सोडला जातो. निवाऱ्यात घराची वाट पाहणारी जनावरे बहुतेक निराळी असतात: मालकाची बदली झाली म्हणून आणून दिलेला लॅब्रॅडॉर, घरमालकाने हरकत घेतली म्हणून सोडलेली मांजर, अपघातात पाय गेल्यामुळे रस्त्यावर निभाव न लागणारी गावठी कुत्री. त्यांना घर मिळाल्याने चाव्यांचा प्रश्न सुटणार नाही, हे मान्य. पण पिंजरा रिकामा झाला की पुढच्या जखमी जनावराला जागा होते.

पहिला आक्षेप अधिक वजनदार आहे. जनावर कोणाला द्यायचे हे निवारा ठरवतो. बातमीमुळे फक्त विचारणा करणारे वाढतात, आणि नकार देण्याची सोय त्यातूनच होते. चार वर्षांच्या कुत्रीसाठी महिनोन्महिने एकच माणूस आला, तर त्याच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप असते हे कळूनही कार्यकर्त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. आठ-दहा जण आले, तर घरभेट घेता येते, घरातल्या सगळ्यांची संमती विचारता येते, आणि झेपले नाही तर जनावर निवाऱ्यालाच परत देऊ, असे लेखी घेता येते.

टेक्सासमध्ये डॅलस-फोर्ट वर्थच्या एनबीसी ५ आणि टेलिमुंडो ३९ या स्थानिक वाहिन्यांनी २०१४ साली ‘क्लिअर द शेल्टर्स’ हा उपक्रम केला आणि पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत देशभर पोहोचला. शुल्क कमी किंवा माफ करून एका दिवसात निवारे रिकामे करण्याचा तो थाट होता. आपली शंका त्या पद्धतीबद्दल रास्त ठरू शकते, आणि म्हणूनच मी ती सुचवलेली नाही.

‘गोंडस पिल्लांना प्रेमळ घर हवे’ ही चौकट मलाही नकोच आहे (उपसंपादकांना ती फार प्रिय असते, हा भाग वेगळा). मला हवी ती चौकट अशी: ‘वय अंदाजे चार वर्षे, नसबंदी झालेली, मुलांशी नीट वागते, मांजर दिसली की मागे धावते, फटाके वाजले की पलंगाखाली शिरते.’ हे वाचून ज्यांच्या घरी मांजर आहे ते आपणहून गळतात. फोटोत कानाची खाच दिसत असेल, तर ती नसबंदीची खूण आहे, हेही लिहावे. नाहीतर वाचक तिला जखम समजतात. आणि जनावराची उपासमार होईल अशा रीतीने त्याला विनाकारण वाऱ्यावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे, ही ओळ दर वेळी खाली छापावी.

एका बाबतीत मात्र आपल्यापेक्षाही मी कडक आहे. दिवाळीच्या तोंडावर अशी चौकट देऊच नये. फराळाला आलेल्या पाहुण्यांसाठी दार सतत उघडे असते, बाहेर फटाक्यांच्या माळा लागलेल्या असतात, आणि नव्या घराचा वासही अजून ओळखीचा न झालेला कुत्रा त्या दारातून सुटला की सापडत नाही. भाऊबीज उलटल्यावर फोटो पाठवावा, तोही त्या वेळचा ताजा.