ते जेलीफिश नव्हते, ताई

नमस्कार ताई. २७ डिसेंबरच्या स्नॉर्कलिंगबद्दल तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "मालवणला जेलीफिशने भरलेल्या पाण्यात मुलांना उतरवलं, प्रवाळ धड दिसलं नाही, पैसेही बुडवले." तुमची सहल बिघडली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाणी गढूळ होतं. बोटीत बसवण्याआधीच तसं सांगायला हवं होतं, ते आमचं चुकलं.

पण जेलीफिश हा शब्द मला झोपू देत नाही. ते सॅल्प होते. जेलीफिशला छत्री असते, खाली दोरे लोंबतात आणि त्या दोऱ्यांत डंख असतो. सॅल्पला डंखच नसतो. पारदर्शक पिंपासारखं अंग, एका तोंडाने पाणी आत घ्यायचं, दुसऱ्याने बाहेर सोडायचं. त्याच जोरावर तो पुढे सरकतो आणि त्याच पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती पोकळ अंगातल्या चिकट जाळीत गाळून खातो. खाणं मुबलक झालं की एकेकापासून माळाच्या माळा तयार होतात आणि बघता बघता पाणी भरून जातं. प्राण्यांच्या कुळात त्यांचं नातं जेलीफिशपेक्षा आपल्याशी जवळचं आहे. माझ्या वडिलांच्या रापणीत ते आले की जाळं बुळबुळीत व्हायचं, ओढताना जीव जायचा, पण हाताला कधी पुरळसुद्धा उठलं नाही.

आमच्या पोराने स्टीलच्या ग्लासात एक काढून तुमच्या मुलीला दाखवला होता. करंगळीएवढा. आतला तपकिरी ठिपका म्हणजे त्याचं पोट, हे कळल्यावर ती रडायची थांबली, तळहातावर घेऊन "याचे डोळे कुठेत?" असं विचारू लागली. तुम्ही व्हिडिओही काढलात. लिहिताना ते मात्र राहून गेलं.

तुमच्यातले दोघं पाण्यात उतरले नाहीत, त्यांचे पैसे त्याच दुपारी यूपीआयने परत केले आहेत, एकदा बघून घ्या. बाकीचे नाही देता आले. बोट किल्ल्यामागच्या प्रवाळापर्यंत जाऊन आली, डिझेल जळलं, पोरांची मजुरी द्यावी लागली.

तुमचं वाचून दोन ग्रुपनी बुकिंग रद्द केलं. पावसाळ्यात आमचा धंदा बंद असतो, वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांतच होते. यापुढे पाणी कसं आहे ते फोनवर सांगायचं ठरवलंय, जेटीवर बोर्ड लावायचंही बघतोय. स्टार एकच ठेवा हवं तर, पण तेवढा जेलीफिश शब्द बदललात तर उपकार होतील.