शब्दकोडे, पेटी आणि कान

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी वाद सुरू झाला तो अण्णांच्या शब्दकोड्यावरून. रोजचे कोडे चुकवत नसल्यामुळे आपल्याला स्मृतिभ्रंशाची भीती नाही, असे ते म्हणाले आणि मास्तरांनी त्यांना तिथेच अडवले. "कोडी सोडवून माणूस कोडी सोडवण्यात तरबेज होतो, अण्णा. त्यामुळे चष्मा कुठे ठेवला हे आठवेलच, असे नाही."

मास्तरांचे म्हणणे निराधार नव्हते. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या २,८०० हून अधिक लोकांपैकी काही गटांना स्मरण, तर्क किंवा आकलनाचा वेग यांपैकी एकाच कौशल्याचे प्रशिक्षण दिले गेले. ज्याने ज्याचा सराव केला त्यातच तो सुधारला आणि दहा वर्षांनंतर तर्क व वेग यांतला लाभ काहीसा टिकला, स्मरणातला टिकला नाही.

भाऊंना हे पटले नाही. न्यूयॉर्कमधील ४६९ वृद्धांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी झाल्याचे आढळले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. "पण ज्यांची बुद्धी आधीच मंदावू लागली होती, त्यांनीच हे छंद सोडले नसतील कशावरून?" या मास्तरांच्या प्रश्नाला भाऊंकडे उत्तर नव्हते, आणि प्रश्न खरोखरच अवघड आहे.

तरीही माझे मन भाऊंकडे झुकते. ते अडुसष्टाव्या वर्षी पेटी शिकू लागले आहेत: शिकवणीला चालत जायचे, नोटेशन वाचायचे, दोन्ही हातांना वेगवेगळी कामे द्यायची, तबलजीशी ताल राखायचा आणि चुकले की गुरुजींचे ऐकून घ्यायचे. यातले मेंदूला नेमके काय उपयोगी पडते हे वेगळे काढता येणार नाही, पण घरी एकट्याने चौकोन भरण्यात यातले फारसे काही नाही.

मग मी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालाचा विषय काढला. टाळता किंवा लांबवता येण्याजोगे स्मृतिभ्रंशाचे जे १४ धोके त्यात दिले आहेत, त्यांत ऐकू कमी येणे आणि एकटेपणा हे दोन्ही आहेत. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "रमीच्या डावाला येणे मी का बंद केले, ठाऊक आहे? चौघे एकदम बोलू लागले की मला काही कळत नाही. कोड्यात कुणी बोलत नाही."

मास्तर उठले आणि अण्णांच्या उजव्या बाजूला, त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन बसले. कानाच्या तपासणीला सोबत कोणी जायचे, एवढाच वाद त्यानंतर उरला होता.