आत्या रोज चालते, पण उठते किती वेळात?

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक लांबलचक फॉरवर्ड फिरून येतो. म्हातारपण पायांपासून वर चढतं, शरीरातली निम्मी हाडं आणि निम्मे स्नायू पायांत असतात, दोन आठवडे पाय हलवले नाहीत तर पायांची ताकद दहा वर्षांच्या म्हातारपणाइतकी घटते, म्हणून रोज चाला. परवा आत्यानं तो पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, "मी तर पाऊण तास चालते!" तेव्हा हे उत्तर.

हाडांचं आधी उरकतो. एकूण हाडं २०६. खुब्याची दोन धरूनही दोन्ही पायांची भरतात ६२. खांद्यांसकट हातांची ६४, म्हणजे हातच वरचढ. स्नायूंचं मात्र खरं आहे. वजनानं बघितलं तर निम्म्याहून जरा जास्तच स्नायू शरीराच्या खालच्या भागात असतात. फॉरवर्डमध्ये असंही आहे की तरुण मांड्या ८०० किलोची मोटार उचलतात म्हणे. ज्याला उचलायची त्यानं आपापल्या जबाबदारीवर उचलावी.

दोन आठवड्यांच्या मुद्द्यामागे खरा प्रयोग आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. विशीतल्या तरुणांचा आणि अडुसष्टीच्या आसपासच्या पुरुषांचा एक पाय दोन आठवडे ब्रेसमध्ये अडकवून ठेवला. तरुणांची त्या पायाची ताकद सुमारे एक तृतीयांशानं घटली, वयस्करांची सुमारे एक चतुर्थांशानं. फॉरवर्ड याच प्रयोगाचा दाखला देऊन दोघांनाही एक तृतीयांश वाटून मोकळा होतो. ते एक वेळ चालेल, पण पुढचं त्यातून गळलंय. नंतर सहा आठवडे, आठवड्यातून तीन-चारदा सगळ्यांकडून सायकल चालवून घेतली. दम परत आला, स्नायूही भरले. ताकद मात्र पुरती परतली नाही. त्यासाठी वजनांचा व्यायाम लागतो, असं संशोधकांनीच सांगितलं. ज्या प्रयोगाचा दाखला देऊन 'चाला' सांगितलं जातं, तोच प्रयोग नुसत्या दमाच्या व्यायामावर विसंबू नका म्हणतोय.

आता 'चालणं'. चालणं चांगलंच, रक्तदाबाला, साखरेला, झोपेला. पण ठेच लागल्यावर तोल सावरायला ताकद असून भागत नाही, ती क्षणात लावता यावी लागते. शाळेतल्या विज्ञानात याला शक्ती म्हणायचे आणि ती वॅटमध्ये मोजायचे. इंग्लंडमध्ये ६५ ते ८९ वयाच्या लोकांवर १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ताकद वर्षामागे एक-दोन टक्के कमी दिसली, शक्ती साधारण साडेतीन. रमतगमत पाऊण तास फिरणाऱ्याला ही गळती कळतसुद्धा नाही.

मोजायची कशी? नॉटिंगहॅमला १९९० च्या सुमारास यासाठी एक यंत्र बनवलं गेलं. खुर्चीत बसून एका पायानं पेडल जीव खाऊन ढकलायचं, त्यानं एक जड चाक फिरतं आणि चाकाच्या वेगावरून वॅट काढतात. घरी जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुरते.

ती भिंतीला टेकवली, आत्याला बसवलं आणि हात छातीवर बांधायला सांगितले. पाच वेळा उठायचं, बसायचं. तिसऱ्या वेळी तिचा हात आपसूक गुडघ्यावर गेला. "हे चालत नाही होय रे?" नाही. पुन्हा पहिल्यापासून. १६ सेकंद. उतारवयातल्या स्नायूंच्या झिजेवर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञांच्या गटानं २०१९ साली ठरवलेली सीमा १२ सेकंदांची आहे. तेवढे किंवा त्याहून जास्त लागले तर पुढची तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. १६ म्हणजे आजार असं नव्हे.

याच वेळेवरून वॅटही निघतात. निम्म्या उंचीतून खुर्चीची उंची वजा केली की शरीर किती वर उचललं जातं ते कळतं; ते, वजन आणि उठायला लागलेला वेळ यांवरून वॅट काढतात. आत्या ६० किलोची, उंची १५२ सेंटीमीटर, खुर्ची ४३ सेंटीमीटर. १६ सेकंदांना सुमारे ११० वॅट, शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाहून थोडे जास्त. हेच १० सेकंदांत जमलं असतं तर १७५. वजन तेच, पाय तेच. फरक सगळा वेगाचा.

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात १५ टक्के वृद्ध दगावतात, असंही त्या फॉरवर्डमध्ये आहे. इथे फॉरवर्ड उलट सौम्य झालाय. बऱ्याच अभ्यासांत हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं.

आत्याचं फिरणं बंद केलेलं नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून एक भर घातली: खुर्चीतून झटकन उठायचं, सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा, दिवसाआड. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाशेजारी तिनं '१६' लिहून ठेवलंय. पुढची मोजणी महिन्यानं, त्याच खुर्चीवर.