बोरिवलीच्या जंगलात जायचंय? मग रविवार सोडा

शनिवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची, रविवारी सकाळी दादरला उतरून लोकलनं बोरिवली गाठायची आणि अख्ख्या मुंबईबरोबर जंगलातल्या कान्हेरी लेण्यांचा रस्ता चढायचा, हा आपल्या सोलापूरकरांचा ठरलेला कार्यक्रम. मग घरी येऊन तक्रार, "जंगल कसलं ओ, गड्ड्याची जत्रा होती."

शांत वाट म्हणजे कुणालाच ठाऊक नसलेली वाट, हा गैरसमज आधी काढा. बोरिवलीचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, जवळपास १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती मुंबई आणि ठाणे. गुपित वाट तिथं उरणार कुठून? शांतता मिळते ती वार, वेळ आणि फाटक बघून. सोमवारी उद्यान बंद असतं, म्हणून सोमवारी रात्री निघा आणि मंगळवारी सकाळी आत शिरा. कान्हेरीत बहुतेक लोक तिसऱ्या लेण्यातला चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन, बघून फोटो काढतात आणि मागं फिरतात. कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढत राहिलात, तर पाण्याच्या पोढी, म्हणजे दगडात खोदलेली टाकी, आणि रिकामी लेणी लागतात, आवाज जवळजवळ बंद होतो.

उद्यानातल्याच शिलोंडा आणि नागला ब्लॉक या वाटांवर वनखात्याची परवानगी आणि सोबत वाटाड्या घेऊनच जायचं. मोबाईलवर कुणाचा तरी ट्रॅक दिसला म्हणजे वाट खुली आहे, असं नसतं. बिबट्यांचं जंगल आहे. पोरं मधे, मोठी माणसं पुढं-मागं, आणि अंधार पडायच्या आत बाहेर.

माझी पसंती नागल्याला. ठाण्यालाच उतरायचं, घोडबंदर रस्त्यानं जायचं. जंगल थेट वसईच्या खाडीला आणि खारफुटीला भिडतं. पण इथं घड्याळाबरोबर तिथीही बघावी लागते. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहाचे साडेचार, म्हणजे साडेचारला भरती आणि त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी, सव्वादहाला, ओहोटी. खाडीत आतवर पाणी आणखी थोडं उशिरा चढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जास्त जपायचं. ओहोटीला चिखल कोरडा वाटतो म्हणून माणूस काठावर उतरतो, पाय रुततो, आणि तोवर मागच्या चरांतून पाणी भरायला लागलेलं असतं. समोरून येणाऱ्या पाण्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं, मागच्याकडं कुणाचंच नसतं. कडेला उभं राहून बघा, उतरू नका.

आता उन्हाचं. "आम्ही बेचाळीस डिग्रीतली माणसं, तेहतीस म्हणजे काय!" ही फुशारकी तिथं महागात पडते. आपल्याकडं घाम लगेच वाळतो, अंग गार होतं, घसा कोरडा पडतो आणि पाण्याची आठवण होते. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही. अंग तापत राहतं, घसा मात्र ओलाच, त्यामुळं माणूस पाणी प्यायचं विसरतो आणि चढावर पोटऱ्यांत गोळे येतात. चार तासांच्या चालीला माणशी तीन लिटर पाणी हवं. त्यातल्या एका लिटरमध्ये चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. तहान लागो न लागो, दर वीस मिनिटांनी चार घोट.

दगड तोच आपला काळा, पाऊस मात्र वेगळा. आपल्याकडं वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तिथं दोन हजारांच्या वर. कातळावर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत तळव्याचे स्वस्त बूट सरकतात. बूट हिप्परग्याच्या तलावाकाठी ओल्या दगडावर आधीच चालून बघा. पावसाळ्यात ओढ्यात उतरूच नका, उघड्या कातळावरून पाणी काही मिनिटांत वाढतं. उतरताना कारवीच्या झुडपाचे दांडे धरू नका. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते, २०१६ नंतर २०२४ला फुलली, आणि फुलली की मरते. वाळका दांडा हातात येतो, माणूस खाली जातो.

डब्यात काय? शेंगा चटणी चालते. कडक भाकरी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातच न्या. तिथल्या हवेत उघडी राहिली की दुपारपर्यंत चामड्यासारखी चिवट होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, पिशवीचा आवाज झाला की माकडं हजर.