हवेत झाडलेली गोळी खाली येतेच

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. "मावशी, हवेत गोळी मारली तर ती वरच्या वर संपते का गं?"

तिच्या चुलतभावाचं लग्न वीस दिवसांवर आलंय. येणाऱ्या पाहुण्यांपैकी एकाकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे आणि वरातीत दोन बार काढायचे असं घरातल्या पुरुषमंडळींचं ठरत होतं. भाची नको म्हणाली, तर दाजींनी तिच्यापुढे मोबाइल धरला. त्यावर तोच मेसेज होता, जो पंधरा दिवसांत मला चार ग्रुपांवर आलाय. 'ॲक्शन सिनेमातली बंदूकबाजी खोटी असते हा गैरसमज आहे. नटांना कमांडो शिकवतात, म्हणून पडद्यावर दिसतं ते शास्त्रशुद्धच असतं,' अशी सुरुवात आणि खाली आठ मुद्दे. लिहिणाऱ्याचं नाव नाही.

मी बारा वर्षं रायफल नेमबाजी केली आणि आता मुलांना शिकवते. आजवर हा मेसेज न वाचता पुसत होते. घरातली माणसं त्याच्या भरवशावर वरातीत रिव्हॉल्व्हर काढणार असतील तर गप्प बसणं शक्य नाही. म्हणून सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करते.

तो म्हणतो: 'हवेत झाडलेली गोळी वर जाऊन शक्ती संपली की पाचोळ्यासारखी खाली पडते. म्हणून तर हिरो इशारा द्यायला हवेत गोळी झाडतो.'

यात अर्धं खरं आहे, तेवढं आधी देऊन टाकते. गोळी अगदी ओळंब्यात, सरळ वर झाडली तर ती वर थांबते आणि खाली येताना हवेच्या विरोधामुळे तिचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. अमेरिकी सैन्यातले ज्युलियन हॅचर यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या चाचण्यांची जी नोंद ठेवली आहे, तिच्यात रायफलची गोळी परत येताना सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने येते असं दिसतं. नळीतून सुटताना तीच गोळी आठशे मीटरच्या पुढे असते. त्या मानाने ९० कमीच. पण ९० मीटर म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटर. माणसाची कातडी फाडून आत शिरायला लहान गोळीला सेकंदाला साठेक मीटरचा वेग पुरतो. पाचोळा असा येत नाही.

आणि वरातीत ओळंबा लावून गोळी कोण झाडतं? एका हातात रिव्हॉल्व्हर, दुसरा हात कुणाच्या तरी खांद्यावर, मागून ढकलाढकली. हात तिरका असतोच. तिरकी सुटलेली गोळी वर कुठे थांबत नाही. ती स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून कमान करत जाते, तिचा वेग बराच टिकतो आणि ती दोन-तीन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी अंगणात उतरते. तिथे बसलेल्या माणसाला लग्न कुणाचं होतं हेही माहीत नसतं.

हे मी कल्पनेने सांगत नाही. प्वेर्तो रिको या बेटावर नववर्षाच्या स्वागताला हवेत गोळ्या झाडायची रीत होती. २००३ चा शेवटचा दिवस आणि २००४ चा पहिला दिवस, एवढ्या वेळात तिथे किती जणांना अशा गोळ्या लागल्या याची मोजणी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने केली. एकोणीस जण. त्यातला एक मेला. शत्रुत्व नाही, भांडण नाही, नेम कुणावरच नाही, तरी एका सणात एकोणीस. दाजींनी त्या मेसेजच्या शेजारी हा एक आकडा ठेवून बघावा, एवढंच मागणं आहे.

आपल्याकडे तर गोळी वर जायच्या आधीच घात होतो. उत्तरेकडच्या लग्नांतल्या अशा बातम्या सारख्या येतात. कुणाचा तरी कोपर लागतो, हात खाली येतो आणि समोर नाचणारा पोरगा पडतो. म्हणूनच २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून आनंदोत्सवातला गोळीबार हा वेगळा गुन्हा केला, आणि त्याच्या व्याख्येत लग्नसमारंभ स्पष्ट लिहिलेला आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यासाठी कुणाला गोळी लागलीच पाहिजे असं नाही. लोकांचा जीव धोक्यात घातला एवढं पुरतं.

आता पहिला मुद्दा, माझ्या रोजच्या कामातला: 'सराव असेल तर धावता धावता, दोन्ही हातांत दोन पिस्तुलं घेऊनही अचूक नेम लागतो.'

नेम म्हणजे काय ते आधी समजून घ्या. पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा. दोन्हींत साधारण पंधरा सेंटीमीटरचं अंतर धरा. माशी खाचेतून फक्त एक मिलिमीटर बाजूला सरकली, तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ १७ सेंटीमीटर बाजूला जाते. आता धावणाऱ्या माणसाचा हात किती हलतो ते स्वतः पळून पाहा. दोन पिस्तुलं धरली तर तो दोन्ही माशांकडे एकाच वेळी पाहू शकत नाही, म्हणजे नेम एकावरही नाही. पिस्तुल आडवं धरलं की माशीचं आणि खाचेचं सगळं गणितच मोडतं.

आमच्याकडची मुलं पहिले काही आठवडे गोळी न भरता नुसती उभी राहतात. श्वास सोडायचा, अर्ध्यावर थांबवायचा आणि चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. कितीतरी वेळा बंदूक रोखून, मनासारखं जमलं नाही म्हणून न झाडता खाली घ्यायची. ही खाली घेण्याची शिस्त यायला वर्ष जातं, आणि पडद्यावर ती कधीच दिसत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य मिळवलं, ४५१.४ गुणांनी. त्या निशाण्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्णपदक घेतलं. ही जगातली सर्वोत्तम माणसं. त्यांना ताठ जाकीट लागतं, स्थिर निशाणा लागतो आणि समोरून कुणी गोळ्या झाडत नसतं. समोरून गोळ्या आल्या की काय होतं तेही मोजलेलं आहे. १९९८ ते २००६ या काळात न्यूयॉर्कच्या प्रशिक्षित पोलिसांच्या चकमकींत शंभरातल्या सुमारे अठराच गोळ्या लागल्या, असं रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासात आहे. उरलेल्या ब्याऐंशी भिंतीत, गाड्यांत, रस्त्यात गेल्या.

नटांना तज्ज्ञ शिकवतात, हे मात्र खरं. अलीकडे काही जण बंदूक धरतात नीट, बोट चापाबाहेर ठेवतात, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, बदलतात. धरणं खरं असलं म्हणून लागणं खरं होत नाही.

बाकीचे मुद्दे भराभर उरकते.

'सायलेन्सर लावला की फक्त फुस्स आवाज.' पिस्तुलाचा बार साधारण १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. उरतो तोही शेजारच्या खोलीतल्या माणसाला जागं करण्याएवढा. शिवाय गोळी आवाजाच्या वेगाहून जोरात जात असेल तर हवेत वेगळा कडाका उठतो, त्याला नळीवरचा सायलेन्सर काही करू शकत नाही. पॉइंट टू टू ची, म्हणजे अगदी बारक्या आकाराची, मंद गोळी असेल तर आवाज खरंच बारीक होतो, तेवढं मान्य.

'गोळी लागली की माणूस दहा फूट मागे उडतो.' मग झाडणाराही तेवढाच मागे उडायला हवा. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटरने येऊन साठ किलोच्या माणसात अडकली, तर त्याला मिळणारा धक्का सेकंदाला पाच सेंटीमीटरचा. अकरावीच्या पुस्तकातला संवेग अक्षय्यतेचा नियम लावून कुणीही हे काढू शकतं.

'गाडीच्या दारामागे माणूस सुरक्षित.' दार म्हणजे पातळ पत्रा, काच आणि प्लास्टिक. पिस्तुलाची गोळीही आरपार जाते. आड घ्यायचं तर इंजिनाचं.

'पायात लागलेली गोळी किरकोळ, चाकूने काढली की झालं.' हा दुसरा जीवघेणा मुद्दा. मांडीतून मोठी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी, जाते. ती फाटली तर माणूस काही मिनिटांत रक्त जाऊन मरतो. गोळी अजिबात उकरायची नाही. स्वच्छ कापड जखमेवर पूर्ण जोराने दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

'स्टेनगन मिनिटभर थांबत नाही.' अशा बंदुकांपैकी एके-४७ घ्या: तिचा वेग मिनिटाला सहाशे गोळ्यांचा आणि मॅगझिनमध्ये तीस. चाप दाबून धरला तर तीन सेकंदांत रिकामी.

राहिला आठवा: 'शूटिंगमधली ब्लँक काडतुसं म्हणजे खेळणं.' काल भाचीचा पुन्हा फोन आला. खऱ्या गोळ्या नकोत तर ब्लँक आणू, असं आता तिथे चाललंय. ब्लँकमध्ये शिशाची गोळी नसते, पण दारू खरी असते आणि तोंडाशी कागदाचा किंवा प्लास्टिकचा बोळा असतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी नटाने मालिकेच्या सेटवर ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. त्या धक्क्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

म्हणजे ब्लँकही नको. वरातीत माणसं खांद्याला खांदा लावून नाचतात, तिथे कानशील हातभरच अंतरावर असतं. त्या रिव्हॉल्व्हरवाल्या पाहुण्यांचा नंबर मी भाचीकडून घेतलाय. रविवारी दुपारी ते घरी असतात म्हणे, तेव्हा मी स्वतः फोन करणार आहे.