वर्गात पिस्तूल चालतं, फक्त आपल्या पोरांना नाही

दरवर्षी जून-जुलै आला की मेसेंजरवर आईवडिलांचे मेसेज सुरू होतात. पोराला टेक्सासची अ‍ॅडमिशन मिळालीय, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) आलाय, व्हिसाची तारीख पण मिळाली, आणि मग हळूच "ताई, तिकडे कॉलेजात मुलं खरंच पिस्तूल घेऊन येतात का हो?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक फेकता येईल. मी इथल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे हा प्रकार बातम्यांपेक्षा जरा जवळून बघतेय.

तर हो, आणू शकतात. सिनेट बिल ११ नावाचा कायदा २०१५ मध्ये पास झाला, १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी युनिव्हर्सिट्यांना लागू झाला, कम्युनिटी कॉलेजांना (दोन वर्षांचे कोर्स असलेली सरकारी कॉलेजं) एक वर्ष उशिरा. यालाच इथे कॅम्पस कॅरी म्हणतात. लायसन्स पाहिजे आणि बंदूक दिसता कामा नये, बास. गंमत म्हणजे २०२१ पासून टेक्सासमध्ये बाहेर पिस्तूल घेऊन फिरायला बहुतेकांना लायसन्सही लागत नाही, कॅम्पसवर मात्र अजून लागतं. प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांना नको म्हणायची मुभा होती आणि राइस, एसएमयू, टीसीयू, बेलर सगळ्यांनी नको म्हटलं. बेलर म्हणजे बाप्टिस्टांची युनिव्हर्सिटी, तिथे काय डाव्या विचारांचा अड्डा नाही. ज्यांना निवडायला मिळालं त्यांनी काय निवडलं ते बघा म्हणजे झालं.

सरकारी कॅम्पसवर पूर्ण बंदी घालता येत नाही, काही ठराविक जागा वगळता येतात. घातक केमिकल असलेल्या लॅब वगैरे. तिथे पाटी लावायची, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंच, अख्खा परिच्छेद कायद्याने ठरवून दिलेला. ही पाटी इतकी मोठी होते की दारावर दुसरं काही लावायला जागाच राहत नाही. ऑस्टिनच्या युटीने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) तर नियम केला की एकट्या प्रोफेसरची केबिन असेल तर तो बंदी घालू शकतो, पण तोंडी सांगून. म्हणजे पोरगं दारात उभंय, मिडटर्मला नापास झालंय, मार्कांचं विचारायला आलंय, आणि आपण म्हणायचं ये बाबा, बस, पिस्तूल असेल तर तेवढं बाहेर ठेवून ये.

आता समोरच्या बाजूचं पण प्रामाणिकपणे सांगते, कारण आमच्या मंडळातले एक काका (गणपतीत आरती अख्खी पाठ म्हणणारे, गाडीत पिस्तूल ठेवणारे) लगेच कमेंटमध्ये येतील. त्यांचं म्हणणं, पोलीस येईपर्यंत काय करायचं? आणि उदाहरण ऑस्टिनचंच. १ ऑगस्ट १९६६ ला युटीच्या टॉवरवरून एक माजी मरीन सैनिक दीड तास गोळ्या झाडत होता, डझनभराहून जास्त माणसं मारली, तेव्हा खालून साध्या लोकांनी हरणं मारायच्या रायफली आणून उलट गोळीबार केला आणि त्याला कठड्याआड दबून राहावं लागलं. शेवटी वर चढलेल्या पोलिसांबरोबर एक सिव्हिलियनही होता. हे खरं आहे, मी नाकारत नाही. (आणि कॅम्पस कॅरी लागू झाला तो बरोबर त्याच तारखेला, ५० वर्षांनी. कुणालाच कॅलेंडर बघावंसं वाटलं नाही?)

दुसरी गोष्ट, तीही काकांच्या बाजूची. २०१६ मध्ये आमच्यातले बरेच जण म्हणत होते की आता वर्गावर्गात रक्त सांडणार. पुढच्या वर्षी सॅन अँटोनिओच्या कम्युनिटी कॉलेजात एक प्राध्यापक हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जॅकेट घालून कामावर आले, २०१६ मध्येच ऑस्टिनला पोरापोरींनी दप्तराला सेक्स टॉय बांधून मोर्चा काढला, म्हणे हे उघड आणलं तर अश्लील आणि पिस्तूल लपवून आणलं तर हक्क. (हसू नका, मुद्दा बिनतोड होता.) पण लायसन्सवाल्यांनी वर्गात मुडदे पाडलेत असं काही झालं नाही. टार्लटन स्टेटच्या होस्टेलमध्ये पहिल्याच सेमिस्टरला एकाच्या हातून चुकून गोळी सुटली, नशिबाने कुणाला लागली नाही.

मग माझा विरोध कशाला? कारण जे झालं ते बातमीत येण्यासारखं नाहीच. ह्युस्टन युनिव्हर्सिटीत २०१६ च्या सुरुवातीला प्राध्यापकांच्या बैठकीत एक स्लाइड दाखवली होती, ती सगळीकडे फिरली. सल्ला काय, तर संवेदनशील विषय जपून बोला, काही विषय अभ्यासक्रमातून काढून टाकायचा विचार करा, पोरगं चिडलंय असं वाटलं तर तिकडे जाऊच नका, ऑफिसच्या वेळेबाहेर भेटू नका. ती काही अधिकृत पॉलिसी नव्हती, पण वागायला सगळे तसंच लागले. आमच्याकडे सेमिस्टर संपताना, ग्रेड लागायच्या आठवड्यात, मी दार सताड उघडं ठेवते आणि खुर्ची दाराच्या बाजूला सरकवून बसते. समोरचा बॅग मांडीवर घेऊन बसला की नजर चेनकडे जाते. बॅगेत बहुतेक कॅल्क्युलेटर आणि अर्धं सँडविच असतं, पण मला माहीत नसतं ना, आणि विचारायची पद्धत नाही. बी-मायनस द्यायच्या जागी बी दिला की कटकट मिटते, हा विचार मनात येतो. मास्तराच्या मनात असा विचार येणं हेच मला नकोय.

आणि खरा प्रसंग आला की काय होतं तेही बघा. ऑरेगनच्या अम्पक्वा कम्युनिटी कॉलेजमध्ये ऑक्टोबर २०१५ ला नऊ जणांचा खून झाला. त्या दिवशी कॅम्पसवर एक माजी सैनिक विद्यार्थी होता, त्याच्याकडे कायदेशीर पिस्तूल होतं, तरी तो तिकडे गेला नाही. टीव्हीवर त्याने सरळ सांगितलं, स्वॉटवाले (पोलिसांची खास सशस्त्र तुकडी) आले असते तर त्यांना मी कोण आणि मारेकरी कोण हे कसं कळलं असतं? ट्रेनिंग असलेला माणूस हे म्हणतोय. युटा राज्यात तर कॅम्पसवर बंदुका कितीतरी आधीपासून चालतात, तिथल्या युटा व्हॅली युनिव्हर्सिटीत १० सप्टेंबर २०२५ ला चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या राजकीय कार्यकर्त्याला लांबच्या छतावरून रायफलने मारलं. गर्दीत कुणाच्या कमरेला पिस्तूल असतं तरी त्याने काय होणार होतं?

मला जास्त भीती वेगळीच वाटते. अमेरिकेत बंदुकीने मरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात. औषधाच्या गोळ्या खाल्लेलं पोरगं हॉस्पिटलला नेऊन वाचवता येतं, बंदुकीने प्रयत्न केला की बहुतेक वेळा संपलंच. एकोणीस-वीसची पोरं, घरापासून लांब, ब्रेकअप, फेलोशिप गेली, त्यांच्या होस्टेलच्या खोलीत ही वस्तू कशाला हवी? काही कॅम्पसवर खोलीतही चालते, काहींवर नाही. ते आधी विचारून घ्या.

आता आपल्या पोरांचं. एफ-१ वर (विद्यार्थ्यांचा व्हिसा) आलेल्या मुलाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही. अपवाद आहेत, त्यातला एक वाचून मी दोनदा खात्री केली, शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं! म्हणजे नाशिकच्या, सोलापूरच्या पोराने एमएस करताना आधी हरणं मारायचा परवाना काढायचा, मग स्वसंरक्षणाचं बघायचं. ज्या हक्काच्या नावाने हा कायदा आला तो हक्क वर्गातल्या एक-दोन बाकांवर बसणाऱ्यांना आहे, शेजारच्या बाकावरच्या आपल्या पोराला फक्त त्याची धास्ती. २००७ ला व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण गेले, त्यात एक भारतीय प्राध्यापक होते आणि मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी. त्यानंतरच इथल्या काही विद्यार्थ्यांनी कॅम्पसवर बंदुका हव्यात म्हणून संघटना काढली. त्या मुलीच्या हातात त्यांचा कायदा काही देऊ शकला नसता, कारण ती परदेशी विद्यार्थिनी.

तर आईवडील हो, पाठवू नका असं मी म्हणत नाहीये. हजारो पोरं शिकून गेलीत, रस्त्यावरची गाडी इथे जास्त जपायची गोष्ट आहे. फक्त ब्रोशर वाचताना होस्टेलचा बंदुकीचा नियम आणि काउन्सेलिंग सेंटरची अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते हे दोन प्रश्न ईमेलवर विचारा, लेखी उत्तर मागा. आणि पोराला सांगून ठेवा, रूममेटकडे बंदूक आहे असं कळलं तर संकोच न करता रूम बदलून मागायची.

काका, आता बोला. फक्त सेकंड अमेंडमेंट (राज्यघटनेतलं बंदुकीच्या हक्काचं कलम) पूर्ण कॉपी-पेस्ट करू नका, आम्हाला पाठ आहे.